समुद्र सावरतो तेव्हा कृमीही परततात

आंतरराष्ट्रीय सागरातील जैवविविधतेच्या रक्षणाचा करार १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला आणि कोणत्याही एका राष्ट्राच्या मालकीच्या नसलेल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे आखण्यासाठी जागतिक पातळीवरील कायदेशीर चौकट प्रथमच उपलब्ध झाली. २०३०पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचा जो संकल्प डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियल येथे सोडण्यात आला, त्याला या करारामुळे बळ मिळाले आहे. अमेरिकेने मात्र आधीच्याच वर्षी नेमके उलट पाऊल टाकले होते. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी आदेश काढून प्रशांत महासागरातील दूरस्थ बेटांभोवतीच्या राष्ट्रीय सागरी स्मारकाचा ५० ते २०० सागरी मैलांमधील पट्टा व्यापारी मासेमारीला खुला केला. त्यानुसार सरकारी खात्याने केवळ पत्राद्वारे दिलेली परवानगी हवाईतील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये बेकायदा ठरवली. जनतेच्या हरकती व सूचना मागवण्याचा टप्पाच गाळला गेला होता.

अशा वादांत दोन्ही बाजू जे आकडे मांडतात ते ठरलेले असतात. किती टन मासा वाढला, किती बोटींचा रोजगार बुडाला, किती शार्क परतले. माशांच्या कल्ल्यांत, आतड्यांत आणि यकृतांत राहणाऱ्या परजीवींचा हिशेब कोणी मागत नाही. तसा तो मागावा असे वाटण्याजोगा विषयही तो नाही. बांगडा साफ करताना कल्ल्याखालून पांढुरका, खवल्याखवल्यांचा किडा निघाला तर मासा केराच्या टोपलीत जातो आणि कोळणीला दुसऱ्या दिवशी चार शब्द ऐकावे लागतात. तरीही गेल्या दोन दशकांतील संशोधन असे सांगते की, मासेमारीने समुद्राचे नेमके काय केले आणि संरक्षणाने त्यातले काय परत आणले, याची साक्ष या उपेक्षित जीवांइतकी स्पष्टपणे फारच थोड्या गोष्टी देतात. अट एवढीच की, ती साक्ष नीट वाचता आली पाहिजे. ढोबळपणे वाचली तर ती भलत्याच निष्कर्षाकडे नेते आणि त्याचा भुर्दंड मच्छीमाराला पडतो.

एका प्रचलित अंदाजानुसार प्राणिजातींपैकी सुमारे ४० टक्के जाती परजीवी आहेत. ज्याच्या अंगावर वा पोटात ते राहतात त्या प्राण्याला विज्ञानात यजमान म्हणतात. आमंत्रण त्याने दिलेले नसते, हा भाग वेगळा. सागरी परजीवींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला एकच यजमान पुरतो. कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी किंवा कवचधारी किडे एका माशावर वाढतात, त्यांची पिल्ले पाण्यातून पोहत शेजारच्या माशावर जातात आणि चक्र पूर्ण होते. दुसऱ्या वर्गाचा प्रवास लांबचा असतो. शार्कच्या आतड्यातील पट्टकृमीची अंडी पाण्यात पडतात, ती एखाद्या सूक्ष्म कवचधारी जीवाच्या पोटात जातात, त्याला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो आणि अखेरीस तो शार्कच्या पोटात गेला तरच कृमीला प्रौढत्व लाभते. तीन ठिकाणी गाडी बदलून घर गाठणाऱ्या प्रवाशासारखी ही अवस्था असते. मधली एक गाडी कायमची रद्द झाली की बाकीच्या वेळेवर धावूनही उपयोग नसतो.

मासेमारी या साखळीवर कोठे घाव घालते हे उघड आहे. जाळे आणि गळ प्रथम मोठे, वयस्क आणि शिकारी मासे वेचतात. जो मासा अधिक वर्षे जगला त्याच्या अंगी अधिक परजीवी साठलेले असतात, म्हणजे परजीवींची भरलेली घरेच आधी उचलली जातात. शिवाय यजमानांची दाटी एका मर्यादेखाली गेली की एका माशावरून दुसऱ्यावर जाणेच कृमीला दुरापास्त होते. मासा शिल्लक राहतो, पण कृमीची जात त्या परिसरातून नाहीशी होते. कोणाच्या लक्षात न येणारा हा ऱ्हास प्रत्यक्ष मोजायचा तर दोन समुद्र शेजारी-शेजारी हवेत, एकात मासेमारी चालते आणि दुसऱ्यात चालत नाही असे.

मध्य प्रशांत महासागरातील लाइन द्वीपसमूहात निसर्गाने आणि राजकारणाने मिळून हा प्रयोग मांडून ठेवला आहे. तेथील किंगमन, पामायरा आणि जार्विस ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात असून त्यांवर कायमची वस्ती नाही. किरिबाती या राष्ट्राच्या तेराइना, ताबुआएरान आणि किरितिमाती (तेथील उच्चार किरिसमास, म्हणजे ख्रिसमसच) या बेटांवर लोक राहतात आणि प्रवाळावरील मासळीवर पोट भरतात. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत किंगमनच्या पाण्यातील एकूण मत्स्यभारापैकी ८५ टक्के भार शिखरावरील शिकारी माशांचा आढळला. किरितिमातीला हे प्रमाण १९ टक्के होते. पाणबुड्यांच्या मोजणीत फिरते शार्क पुन्हा पुन्हा गणले जातात, हे २०१७मध्ये पामायरा येथे दाखवून देण्यात आले, त्यामुळे ८५चा आकडा जरा हात राखूनच घ्यावा लागतो. परंतु दोन्ही प्रकारच्या बेटांमधील तफावत खरी आहे, याविषयी वाद नाही.

याच बेटांवरील माशांच्या पोटात डोकावण्याचे काम कॅलिफोर्नियातील केव्हिन लॅफर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम केले. पामायराच्या माशांमध्ये किरितिमातीच्या माशांपेक्षा परजीवींच्या अधिक जाती आढळल्या, असे त्यांनी २००८मध्ये नोंदवले. त्यानंतर चेल्सी वूड यांच्या गटाने तीन मासेमारीची आणि तीन मासेमारीविरहित बेटे घेऊन प्रवाळावरील सात जातींचे मासे तपासले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या विषयातील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण त्याने एका साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देण्याचे नाकारले. मासेमारी असलेल्या बेटांवर परजीवींच्या जाती एकंदरीत लक्षणीय कमी होत्या. पण संख्येचे चित्र दुभंगलेले होते. अन्नसाखळीतून प्रवास करणारे परजीवी मासेमारीच्या बेटांवर कमी होते, तर एकाच यजमानावर भागवणारे परजीवी तेथे उलट जास्त होते. पहिल्यांच्या प्रवासातील शेवटचा मुक्काम, म्हणजे मोठा शिकारी मासा, हरवला होता. दुसऱ्यांच्या बाबतीत शिकारी गेल्याने लहान मासे फोफावले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे किडेही फोफावले.

यातून निघणारी गोष्ट धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘मासेमारीमुळे परजीवी वाढतात’ आणि ‘मासेमारीमुळे परजीवी घटतात’ ही दोन्ही विधाने एकाच समुद्राविषयी, एकाच वेळी खरी असू शकतात. कोणत्या परजीवीविषयी बोलले जात आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. मासळीच्या राजकारणात मात्र ज्याला जे विधान सोयीचे ते तो उचलतो.

दुसऱ्या वर्गाचे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील चॅनेल बेटांवर सापडते. तेथे शेवंडांची भरमसाट पकड झाली. शेवंड हे सी-अर्चिन या काटेरी गोलसर प्राण्यांचे भक्षक. ते कमी होताच सी-अर्चिनांची संख्या इतकी वाढली की, त्यांनी केल्प या समुद्री वनस्पतींची जंगले खाऊन फस्त केली आणि मग दाटीत व उपासमारीत जगणाऱ्या या प्राण्यांमध्ये जिवाणूजन्य रोगाच्या साथी येऊ लागल्या. अनाकापा बेटालगतच्या राखीव पाण्यात शेवंड शाबूत होते, तेथे केल्पही टिकले आणि साथींचा उपद्रवही झाला नाही. लॅफर्टी यांनी २००४मध्ये मांडलेला हा निष्कर्ष संरक्षणवाद्यांच्या आवडीचा आहे, हे सांगणे नलगे. संरक्षण दिले की रोग घटतो, असे त्यावरून म्हणता येते. मात्र हाच न्याय सर्व परजीवींना लावला की गफलत होते.

चिलीच्या मध्य किनाऱ्यावरील अभ्यास ग्राहकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. वूड आणि सहकाऱ्यांनी तेथे संरक्षित पट्टे आणि शेजारचे खुले पट्टे यांच्या जोड्या लावल्या. दोन जातींचे मासे, टोपीसारख्या शंखाची एक गोगलगाय आणि एक सी-अर्चिन असे चार यजमान त्यांनी निवडले. चारही स्थानिक लोकांच्या खाण्यातले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दर चौरस मीटर समुद्रामागे परजीवींची संख्या संरक्षित पट्ट्यांत जवळपास सर्वच बाबतींत पुष्कळ जास्त होती. पण प्रत्येक माशामागे किंवा प्रत्येक गोगलगायीमागे मोजले, तर केवळ एकाच परजीवीचे प्रमाण वाढलेले दिसले. हा एका जातीच्या माशाच्या कल्ल्यांवरील कृमी होता. म्हणजे संरक्षणामुळे मासे वाढले, त्यांच्यासोबत परजीवींची एकूण वस्तीही वाढली. पण ताटात येणारा एकेक मासा अधिक किडका झाला नाही. गाव वाढले, घरागणिक माणसे तितकीच राहिली. ‘राखीव क्षेत्राजवळचा मासा रोगट असतो’ अशी आवई कोठे उठलीच, तर तिला या अभ्यासाइतके चोख उत्तर दुसरे नाही.

अर्थात सगळीकडे असे घडत नाही, आणि जेथे घडत नाही तेथे पर्यावरणवाद्यांनी डोळेझाक करू नये. युरोपातील बाल्टिक समुद्रात करड्या सीलची संख्या शिकार आणि औद्योगिक प्रदूषण यांमुळे १९७०च्या दशकाच्या सुमारास काही हजारांवर आली होती. शिकारबंदी झाली, विषारी रसायने आटोक्यात आली आणि आता तेथे ४० हजारांहून अधिक सील मोजले जातात. संवर्धनाच्या इतिहासातील हे मोठेच यश. परंतु सीलच्या जठरात प्रौढ होणारा एक गोलकृमी आपली मधली अवस्था कॉड माशाच्या यकृतात काढतो. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाभोवतीच्या कॉडमध्ये हा कृमी पूर्वी क्वचित दिसे. २०१०च्या दशकात तेथील मोठ्या कॉडपैकी जवळपास प्रत्येकात तो सापडू लागला, आणि तोही एकदोन नव्हे तर यकृत भरून. मासे हडकुळे झाले. जुलै २०१९मध्ये युरोपीय संघाने पूर्व बाल्टिकमधील कॉडची पकडच थांबवली.

कॉडच्या या दैन्याचे खापर एकट्या कृमीवर फोडता येणार नाही. तळाशी प्राणवायूची टंचाई, अन्नाची चणचण आणि आधीची बेसुमार पकड यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण मच्छीमाराला दिसतात ते सील आणि चिरलेल्या माशातले कृमी. सील मारण्याची मागणी तेथे जोर धरते ती यामुळेच. ती मागणी शास्त्रीयदृष्ट्या कच्ची असली, तरी तिच्यामागील गाऱ्हाणे खोटे नाही. समाजाने सील परत यावेत असे ठरवले आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना ती मोजावी लागेल असे आधी कोणी सांगितलेच नाही. संरक्षणाच्या योजना आखताना जाळे फाटल्याची, मासा कमी मिळाल्याची भरपाई कधीकधी गृहीत धरली जाते. पकड बाजारात नाकारली जाण्याची शक्यता मात्र कोणत्याही आराखड्यात सहसा नसते.

काळाच्या लांब पल्ल्यावर काय दिसते? या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित जागी मिळाले, संग्रहालयातील बरण्यांत आणि मुदत संपलेल्या डब्यांत. सिअ‍ॅटल येथे जतन केलेल्या, १८८० ते २०१९ या काळात प्युजेट साउंडच्या खाडीतून पकडलेल्या आठ जातींच्या ६९९ माशांची वूड यांच्या गटाने चिरफाड केली. त्यांत परजीवींचे ८५ प्रकार मिळाले. तीन किंवा अधिक यजमान लागणाऱ्या परजीवींची संख्या दर दशकास १०.९ टक्क्यांनी घटत गेली होती आणि ही घट समुद्राच्या तापमानवाढीशी जुळत होती. जानेवारी २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची झळ संरक्षित क्षेत्रांनाही आहे. बोटींना सीमा आखून देता येते, उष्णतेला देता येत नाही.

डब्यांची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. सिअ‍ॅटलमधील मत्स्यप्रक्रिया उद्योगाच्या एका संघटनेने गुणवत्ता तपासणीसाठी १९७९पासूनचे अलास्कन सामनचे डबे राखून ठेवले होते. नताली मॅस्टिक आणि सहकाऱ्यांनी २०२१पर्यंतचे १७८ डबे उघडून त्यांतील शिजलेले, निरुपद्रवी गोलकृमी मोजले. सामनच्या चार जातींपैकी दोहोंत ते काळानुसार वाढलेले होते, दोहोंत स्थिर होते. हे कृमी सील, देवमासे यांसारख्या सागरी सस्तन प्राण्यांतच प्रौढ होतात. अमेरिकेत या प्राण्यांना १९७२च्या कायद्याने संरक्षण मिळाले, देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर १९८६पासून आंतरराष्ट्रीय स्थगिती आली. त्यांची संख्या सावरत गेली आणि कृमींना आपले अखेरचे घर पुन्हा मिळाले, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे आहे. अर्थात तापमान आणि पाण्याची स्वच्छता यांचाही हातभार असू शकतो. अशाच कुळातील अ‍ॅनिसाकिस या कृमीचे प्रमाण १९७८ ते २०१५ या काळात जगभरातील नोंदींत २८३ पटींनी वाढल्याचे २०२०मध्ये दाखवून देण्यात आले. कच्चा मासा खाणाऱ्यांसाठी ही चिंतेची बाब आहे. तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवणे हा त्यावरचा मान्य उपाय. कालवण उकळून खाणाऱ्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही.

परजीवी नसले तर काय बिघडले, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांमधील एक पर्णकृमी लहान माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो. असा मासा पृष्ठभागाजवळ येऊन वळवळतो, चमकतो आणि निरोगी माशाच्या तुलनेत पक्ष्यांच्या तोंडी जाण्याची त्याची शक्यता १० ते ३० पटींनी वाढते. कोणी कोणाला खावे हे असे परजीवी ठरवत असतात. ते गेले तर शिकारी पक्ष्याचे अन्न त्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. २०२०मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने परजीवींच्या संवर्धनासाठी बारा उद्दिष्टांचा आराखडाच मांडला. त्यावर प्रथमदर्शनी हसू येणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या चर्चेला एक ठिकाण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे २९ चौरस किलोमीटर, गाभा क्षेत्र जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. स्थानिक मच्छीमारांचा विरोध प्रारंभापासून आहे आणि उपजीविकेवर गदा येईल ही त्यांची भीती अवास्तव म्हणता येणार नाही. परिणामी अभयारण्य दीर्घकाळ बव्हंशी कागदावर राहिले. त्या पाण्यात संरक्षणाने काय साधले, याचा वाद दोन्ही बाजूंनी अंदाजावरच लढवला जातो.

वास्तविक या विषयाची जाण असलेली माणसे राज्यात आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील मराठवाडा विद्यापीठात समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही कोकणकिनाऱ्यावरील मुशी आणि पाकट यांच्या आतड्यांतील पट्टकृमींचा अभ्यास कित्येक वर्षे चालला, जातींची वर्णने प्रसिद्ध झाली. ते काम वर्गीकरणाचे होते; कोणता कृमी कोणत्या माशात, एवढ्यावर ते थांबले. पण मुशी व पाकट हेच पट्टकृमींच्या लांबच्या प्रवासातील शेवटचे मुक्काम असल्यामुळे, ट्रॉलरच्या जाळ्यांनी हे मासे विरळ केल्यावर काय उरले याची तुलना करण्यास त्या नोंदींइतका चांगला आधार मिळणे कठीण.

मालवणात त्यासाठी मोठ्या बोटीची वा परदेशी निधीची गरज नाही. किल्ल्यालगतच्या खडकांवरील आणि पाच-दहा मैलांवरच्या खुल्या पाण्यातील एकाच जातीचे, सारख्या लांबीचे मासे लिलावातून विकत घ्यायचे, कल्ले आणि आतडी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, एका यजमानावर भागवणारे आणि साखळीतून येणारे परजीवी वेगवेगळे मोजायचे आणि त्याच वेळी पाण्यातील माशांची दाटीही मोजायची. आकडे जाहीर करताना ते आधी मच्छीमार सोसायटीत वाचून दाखवायचे. चिलीच्या किनाऱ्यावर संशोधकांनी जे केले ते मूलतः याहून फार वेगळे नव्हते.